गिटारीची कांती

जुन्या घराच्या ओटीवरील सागवानी आरामखुर्ची बारकाईने पाहिली, तर एक गोष्ट ध्यानात येते. तिच्या पाठीकडील दांड्यांवरचे पॉलिश तीस-चाळीस वर्षांनंतरही तकतकीत असते. पण जेथे बसणाऱ्याचे हात टेकतात, तेथील लाकूड मात्र निस्तेज, कोठे चिकट, तर कोठे काळवंडलेले दिसते. त्या जागी कोणी कानस मारलेली नसते, की सुरी चालवलेली नसते. वर्षानुवर्षे तेथे नुसता हात टेकत आलेला असतो. माणसाचे कातडे मऊ आणि लाकूड कठीण. तरीही या दोघांच्या नित्य सहवासात झिजतो तो लाकडावरचा लेप.

खुर्चीचे यात फारसे बिघडत नाही. हात झिजले म्हणून ती बसायला वाईट होत नाही, आणि सुतार दोन-चार दिवसांत तिला पुन्हा हवे तितके जाड पॉलिश चढवून देतो. गिटार या वाद्याची गोष्ट वेगळी आहे. तिच्या अंगावरही असाच लेप असतो, आणि तिलाही वाजवणाऱ्याचा हात तासन् तास टेकलेला असतो. पण तिचा लेप जाड करून भागत नाही, कारण जाड लेपाखाली तिचा आवाज गुदमरतो. लेप पातळ ठेवावा तर घाम त्याला खातो, जाड करावा तर नाद दबतो. चांगल्या गिटारीच्या निगेचा सारा प्रश्न या एका अडचणीतून निर्माण झालेला आहे.

ही अडचण समजण्यासाठी गिटारीचा आवाज कोठून येतो, हे प्रथम पाहिले पाहिजे. दोन खिळ्यांमध्ये एक तार ताणून ती छेडली, तर तिचा आवाज हातभर अंतरावरही नीट ऐकू येत नाही. बारीक तार आपल्याभोवतीची हवा फारशी हलवू शकत नाही. तीच तार लाकडाच्या पातळ फळीवर बसवलेल्या घोडीवरून नेली, म्हणजे तारेचे कंपन घोडीतून फळीत उतरते. फळी थरथरू लागते, आणि तिच्यामुळे खोलीभर हवा हलते. गिटारीची पुढची फळी बहुधा स्प्रूस किंवा सीडर या थंड प्रदेशांतील वृक्षांच्या लाकडाची असते, आणि स्पॅनिश पद्धतीच्या गिटारीत तिची जाडी दोन ते अडीच मिलिमीटरांच्या आसपास असते. पाठीची व बाजूंची लाकडे याहून वेगळी आणि कठीण जातीची असतात. पण आवाजाचा मुख्य भार पुढच्या फळीवरच असतो.

स्पेनमधील अंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) या थोर वाद्यकाराने ही गोष्ट मोठ्या गमतीने सिद्ध केली. आज मैफलींत दिसणाऱ्या गिटारीचा आकार आणि तिची आतील रचना ठरवण्यात या मूळच्या सुतारकाम करणाऱ्या कारागिराचा वाटा फार मोठा आहे. १८६२ साली त्याने एक गिटार बनवली. तिची पुढची फळी उत्तम लाकडाची होती, पण पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या होत्या! फळी चांगली असली की गिटार गाऊ लागते, हे त्याला दाखवून द्यायचे होते. ती पुठ्ठ्याची गिटार आज बार्सिलोना शहरातील संगीतसंग्रहालयात जपून ठेवलेली आहे.

अशा फळीवर जाड रोगण चढवले, तर काय होईल, याचा अनुभव तबला जवळ असल्यास सहज घेता येतो. तबल्यावर जाड चादर पसरून थाप मारली, की एरवी खणखणणारा बोल बोथट होतो. रोगणाचा जाड थर फळीचे वजन वाढवतो आणि तिची थरथर लवकर शमवतो. मग फळी कोरीच का ठेवू नये, अशी शंका येईल. पण कोरे स्प्रूस लाकूड मऊ व सच्छिद्र असते. हाताचा मळ, धूळ आणि दमट हवा ते लगेच शोषून घेते, आणि काही महिन्यांतच त्यावर काळसर डाग पडतात. म्हणून वाद्यकार मधला मार्ग काढतात. लाकूड झाकले जाईल, पण त्याला ओझे होणार नाही, इतका पातळ लेप ते देतात.

हा लेप देण्याची जी जुनी आणि आजही नामांकित कारागीर वापरतात ती पद्धत ‘फ्रेंच पॉलिश’ या नावाने ओळखली जाते. नाव फ्रान्सचे, वाद्य स्पेनचे. पण लेपातील मुख्य पदार्थ मात्र बहुतांशी भारतातून जात आला आहे. तो पदार्थ म्हणजे लाख. पांडवांना जाळण्यासाठी दुर्योधनाने जे लाक्षागृह बांधविले, त्या कथेतून ही लाख लहानथोरांना ठाऊक असते. बांगड्यांत आणि पाकिटांवरील मोहरांतही ती पाहायला मिळते. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे बारीक किडे दाटीवाटीने बसून रस शोषतात, आणि आपल्या अंगाभोवती राळेसारखा पदार्थ सोडून त्याचे कवच करतात. हजारो किड्यांची कवचे एकमेकांना चिकटून फांदीवर तांबूस खरबरीत साल तयार होते. झारखंड व छत्तीसगड या भागांतील कितीतरी आदिवासी कुटुंबांना तिच्यापासून चार पैसे मिळतात. रांचीजवळ नामकुम येथे लाखेच्या संशोधनासाठी १९२४ साली एक संस्थाही स्थापन झाली.

फांदीवरून खरवडलेली लाख कुटून, धुऊन, वाळवली जाते. मग ती लांब कापडी पिशवीत भरून विस्तवासमोर धरतात आणि पिशवी पिळतात, म्हणजे वितळलेली राळ कापडातून पाझरते. ती गरम असतानाच कारागीर तिचा मोठा पातळ पापुद्रा ताणतो. जुन्या पद्धतीत हे काम तो हातांनी, पायांनी आणि प्रसंगी दातांनीही करीत असे! थंड झाल्यावर त्या पापुद्र्याचे तुकडे होतात. सुतार त्यालाच चपडा म्हणतात. चपडा पाण्यात विरघळत नाही, पण स्पिरिटात विरघळतो. मिरजेचे कारागीर सतारी व तंबोरे यांना परंपरेने याच चपड्याचे पॉलिश देत आले आहेत. त्यामुळे गिटारीविषयी येथे जे सांगितले आहे, त्यातील बरेचसे घरच्या तंबोऱ्यालाही लागू पडते.

फ्रेंच पॉलिश ब्रशाने फासत नाहीत. कापसाचा किंवा लोकरीचा बोळा सुती कापडात गुंडाळून त्यावर चपड्याचे पातळ द्रावण आणि तेलाचा एखादा थेंब घेतात, आणि तो बोळा लाकडावरून लहान लहान वर्तुळांत फिरवीत राहतात. स्पिरिट उडून जाते आणि लाखेचा नाममात्र पापुद्रा मागे राहतो. पुढच्या फेरीतील स्पिरिट आधीच्या पापुद्र्याला किंचित विरघळवते, आणि नवा-जुना थर एकजीव होतो. अशा शेकडो फेऱ्या, मध्ये विश्रांती देत, कित्येक दिवस चालतात. इतका खटाटोप करूनही शेवटी जो लेप तयार होतो तो अतिशय पातळच असतो, आणि त्यातच त्याची थोरवी आहे. लाकडाच्या रेषा त्यातून जिवंत दिसतात, आणि फळी मोकळेपणाने थरथरते.

आता या नाजूक लेपाचा शत्रू पाहू लागले, तर तो बाहेरचा नसून वाजवणाऱ्याच्या अंगातलाच असल्याचे दिसते.

माणसाच्या कातडीत सुमारे २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. त्यांतून पाझरणारा घाम बहुतेक पाणीच असतो. १०० भागांत सुमारे ९९ भाग पाणी, आणि उरलेल्या अल्प भागात मीठ, दुधाम्ल, युरिया वगैरे पदार्थ. याशिवाय कातडीतील दुसऱ्या एका प्रकारच्या ग्रंथी तेलकट पदार्थ सोडतात. यात एक चमत्कारिक गोष्ट अशी की, तळहातावर या तेलाच्या ग्रंथी मुळीच नसतात, घामाच्या मात्र दाट असतात. तळहाताला आणि बोटांना जो तेलकटपणा असतो, तो चेहऱ्याला, केसांना आणि खाद्यपदार्थांना हात लावल्यामुळे आलेला असतो. भजी खाऊन गिटार हाती घेणाऱ्याने घामाला बोल लावू नये, हे उघड आहे.

घामातील पाणी लाखेला एकाएकी विरघळवत नाही, हे खरे. पण ते बराच वेळ साचून राहिले, तर लेपावर पांढुरका ढग उमटतो. पॉलिश केलेल्या टेबलावर ओला किंवा गरम पेला ठेवला असता जे पांढरे वर्तुळ उमटते, ते याच जातीचे होय. पाणी उडून गेल्यावर मागे मीठ राहते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटते, हे प्रत्येक स्वयंपाकघरात पाहावयास मिळते. हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतून पाणी ओढून ओले होऊ लागते. गिटारीवर सुकलेले मीठही तेच करते. म्हणजे वाजवणारा उठून गेल्यावरही, मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीसारख्या समुद्रकाठच्या गावी, त्याचा घाम त्या जागी पुन्हा पुन्हा ओला होत राहतो.

याहून गहन गोष्ट पुढेच आहे. ताजा घाम बहुधा किंचित आंबट, म्हणजे आम्ल गुणाचा असतो. पण तो अंगावर किंवा कापडावर शिळा झाला, की सूक्ष्म जीव त्यातील युरियापासून अमोनिया तयार करतात आणि घाम आम्लाकडून अल्कलीकडे झुकतो. कापडाचा रंग घामाने उतरतो की काय, हे तपासणारे तज्ज्ञ म्हणूनच दोन प्रकारचे कृत्रिम घाम वापरतात: एक आम्ल आणि दुसरा अल्कलीयुक्त. लाखेला आम्लाचे तितकेसे भय नाही. अल्कली मात्र तिला मानवत नाही; सोडा, टाकणखार किंवा अमोनिया यांच्या पाण्यात लाख चक्क विरघळते. ताजा घाम तत्काळ पुसणे आणि तोच घाम दुसऱ्या दिवशी पुसणे, या दोहोंत जो मोठा फरक पडतो, त्याचे एक कारण हे आहे. दिसायला दोन्ही डाग सारखेच असतात.

या सर्वांत भर पडते ती उष्णतेची आणि घर्षणाची. उजवा हात गिटारीच्या कडेवर टेकलेला असतो. त्याच्या उबेने व ओलाव्याने लेप मऊ होतो, आणि तार छेडताना हात जो मागेपुढे सरकतो, त्याने तो मऊ लेप घासला जातो. रोज एक तास, वर्षाचे तीनशे दिवस असे घडले, तर लेप किती काळ टिकावा?

झिजलेल्या गिटारीकडे पाहून तिचा वाजवणारा ती कशी धरीत होता, हे जाणत्याला सांगता येते. पुढच्या फळीच्या ज्या कडेवर उजव्या हाताचा कोपराजवळचा भाग विसावतो, तेथे पहिला डाग पडतो. पाठीवर, जेथे छाती टेकते, तेथे दुसरा. उन्हाळ्यात सदऱ्यातून येणारा घाम या जागी थेट पोहोचतो, आणि वादकाच्या हे ध्यानातही येत नाही. मानेच्या मागे डाव्या अंगठ्याची वाट उमटते. आखूड चड्डी घालून वाजवणाऱ्याच्या गिटारीवर मांडीचीही खूण राहते. प्रथम त्या जागेची झळाळी जाते. मग बोट लावले असता चिकटपणा जाणवतो. मग लेप पूर्ण निघून लाकूड उघडे पडते. उघड्या स्प्रूसमध्ये मळ व घाम रेषारेषांतून उतरला, की पडणारा करडा डाग वरवरच्या पुसण्याने निघत नाही. येथवर पोहोचण्यापूर्वीच सावध झाले पाहिजे.

लाखेच्या जागी दुसरा, अधिक बळकट लेप शोधण्याचे प्रयत्न अर्थातच झाले. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत मोटारींसाठी एक झटपट सुकणारे नवे रोगण निघाले. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून मिळणाऱ्या नायट्रोसेल्युलोजपासून ते बनत असे. गिटारीचे कारखानदारही लवकरच ते वापरू लागले, आणि बोळा फिरवण्याचे कित्येक दिवसांचे काम फवाऱ्याने अल्पावधीत होऊ लागले. पाण्याला हे रोगण लाखेपेक्षा चांगले तोंड देते. पण कातडीचे तेल आणि घाम यांनी तेही कालांतराने मऊ व चिकट होते.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आयर्लंडमधील रोरी गॅलगर या वादकाचे आहे. त्याची गिटार विजेवर चालणारी, म्हणजे भरीव लाकडाची होती. पण तिच्यावरचे रोगण याच जातीचे होते. १९६१ साली बनलेली ही गिटार त्याने १९६३ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, कॉर्क शहरातील दुकानातून जुनी म्हणून विकत घेतली. मध्ये सोनेरी आणि कडेला गडद होत जाणारा तिचा रंग मोठा देखणा होता. पण गॅलगर वाजवू लागला की घामाने निथळत असे. पुढे त्या गिटारीचा रंग इतका उडाला की जिकडेतिकडे उघडे लाकूड दिसू लागले, आणि तिचे ते विद्रूप रूपच तिची ओळख होऊन बसले. गॅलगर १९९५ साली निवर्तला. त्याची ही गिटार २०२४ मध्ये लंडनमध्ये लिलावात विकली गेली, आणि तिला नव्या गिटारीच्या कितीतरी पट किंमत आली. अर्थात हे अपवाद म्हणूनच ध्यानी घ्यावे. रंग उडाल्यामुळे गिटारीची किंमत वाढते, असा कोणी समज करून घेतला, तर त्याच्या पदरी निराशाच पडेल.

अलीकडे बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त व मध्यम किमतीच्या गिटारींवर पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर या कृत्रिम द्रव्यांचा लेप असतो. लाखेच्या आणि नायट्रोसेल्युलोजच्या लेपांतील कण एकमेकांशेजारी पडलेल्या सुट्या दोऱ्यांसारखे असतात, म्हणून योग्य द्रव मिळताच ते पुन्हा विलग होतात. कृत्रिम लेप वाळताना त्यांतील दोऱ्यांना जणू गाठी बसतात आणि त्यांचे जाळे विणले जाते. हे जाळे घामाने सुटत नाही, की स्पिरिटानेही नाही. शिकाऊ मुलाच्या हाती अशीच गिटार असणे बरे, यात शंका नाही. मग उत्तम वाद्यांचे कारागीर अजूनही लाखेचा बोळा का फिरवतात? एक तर लाखेइतका पातळ आणि हलका लेप त्यांना हवा असतो. दुसरे असे की, कृत्रिम लेपाचा टवका उडाला, तर नवा लेप जुन्यात मिसळत नाही आणि ठिगळ दिसत राहते.

काही वेळा असे मनात येईल की, इतकी काळजी करण्यापेक्षा वाद्य पेटीत बंद करून ठेवावे. असे एक वाद्य जगात आहे. इटलीतील क्रेमोना गावी स्त्रादिवारी या विख्यात कारागिराने १७१६ साली बनवलेले ‘मेसाया’ नावाचे व्हायोलिन इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथील अ‍ॅशमोलियन संग्रहालयात काचेच्या कपाटात ठेवलेले आहे. त्याचे रोगण लाखेचे नव्हे, वेगळ्या प्रकारचे आहे. पण ते तीनशे वर्षांनंतरही जवळजवळ नव्यासारखे दिसते, कारण ते फारच थोडे वाजवले गेले. त्याच कारागिराची इतर व्हायोलिने हनुवटीने, खांद्याने आणि बोटांनी ठिकठिकाणी झिजलेली आहेत, आणि ती आजही मैफलींत गातात. अभ्यासकांना ‘मेसाया’चा मोठा उपयोग होतो. संगीताला मात्र त्या झिजलेल्या वाद्यांचाच उपयोग अधिक झाला.

तेव्हा वाद्य वाजवायचे, आणि त्याचा लेपही राखायचा, असा दुहेरी मार्ग शोधावा लागतो. व्हायोलिनवादकांना तो पूर्वीच सापडला. १८२० च्या सुमारास लुई स्पोर या जर्मन वादकाने व्हायोलिनवर हनुवटी टेकण्यासाठी एक लहानशी लाकडी बैठक बसवली. तिचा मुख्य हेतू वाद्य नीट धरता यावे हा होता; पण तिच्यामुळे हनुवटीचा घाम फळीवर उतरण्याचे थांबले, हा लाभ आयताच मिळाला. स्पेनमधील फ्लामेंको गिटारवादक तर वाजवता वाजवता फळीवर बोटांनी ठेकाही धरतात. त्यांच्या गिटारीवर त्या जागी एक पातळ, बहुधा पारदर्शक पत्रा चिकटवलेला असतो.

कोपराजवळच्या भागासाठी मात्र सर्वांत चांगला उपाय अत्यंत साधा आहे: हात आणि लाकूड यांच्यामध्ये कापड असावे. लांब बाहीचा सुती सदरा असला, तर निम्मे काम झाले. उकाड्यात लांब बाही सोसत नसेल, तर कोपरापासून मनगटाच्या अलीकडेपर्यंत येईल अशी मऊ कापडाची सैल नळी शिवून ती हातावर चढवावी. मोठमोठे वादकही जुन्या मोज्याचा पंजा कापून टाकतात आणि उरलेला भाग हातावर चढवून बसतात. हे दिसायला काहीसे विनोदी वाटेल, परंतु काम चोख होते. कापड घाम टिपून घेते, आणि सरकणारा हात लाकडावर न घासता कापडावर घासतो. मात्र ही नळी रोज धुतली पाहिजे. शिळ्या घामाने भिजलेली नळी गिटारीवर टेकवणे म्हणजे अमोनियाचे फडके टेकवण्यासारखेच आहे. काही जण फळीवर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा लावतात. तो वाजवण्यापुरता लावून लगेच काढला, तर हरकत नाही. पण मऊ प्लॅस्टिक आणि रबर यांतील द्रव्ये लाखेच्या व नायट्रोसेल्युलोजच्या लेपात उतरून त्याला चिकट करतात, म्हणून ते गिटारीवर राहू देऊ नये. गिटार उभी करण्याच्या घडवंचीला जे रबर लावलेले असते, त्याचाही असाच ठसा उमटतो. त्यावर एखादे सुती फडके गुंडाळले म्हणजे झाले.

वाजवण्यापूर्वी हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत, हे सांगण्याचीही आवश्यकता नसावी. तथापि हात धुणे आणि हाताला जंतुनाशक द्रव चोळणे, या गोष्टी एक नव्हेत. २०२० सालच्या महामारीत असे द्रव घरोघरी आले. त्यांत बहुधा मद्यार्क असतो, आणि ज्या मद्यार्काने चपडा विरघळवून लेप दिला, तोच मद्यार्क तो लेप काढूनही टाकतो. ओल्या हाताने गिटार धरली, तर बोटांचे ठसे त्यात कायमचे उमटतात. अंगाला लावायचे अत्तर आणि कोलनवॉटर यांचेही तेच. डास पळवण्यासाठी अंगाला जी मलमे चोळतात, त्यांपैकी डीट नावाचे रसायन असलेली मलमे तर नायट्रोसेल्युलोजचे रोगण आणि काही प्लॅस्टिकेसुद्धा वितळवतात. पावसाळ्याच्या संध्याकाळी अंगणात गिटार घेऊन बसणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावे.

वाजवून झाल्यावर पुसणे हे सर्वांत महत्त्वाचे, आणि सर्वांत अधिक टाळले जाणारे काम आहे. वारंवार धुतलेल्या जुन्या धोतराचे मऊ फडके यासाठी उत्तम. हाताची जागा, पाठीवरील छातीची जागा, मान आणि तारा एवढे भाग हलक्या हाताने पुसावेत. दाबून चोळू नये; मिठाचे बारीक कण लेपावर घासले गेले, तर पुसण्यानेच ओरखडे पडतात. सुकलेला डाग कोरड्या फडक्याने जात नसेल, तर त्यावर तोंडाची वाफ सोडून पुसावे. तेवढ्याने भागले नाही, तर फडके पाण्यात बुडवून अगदी घट्ट पिळावे, डाग टिपावा आणि लगेच कोरड्या फडक्याने जागा सुकवावी. टेबलखुर्च्या चमकवण्याची बाजारी द्रव्ये येथे वापरू नयेत. त्यांपैकी काहींत सिलिकोन असते; ते लाकडात व लेपात शिरून बसले, की पुढे कारागिराने दिलेला नवा लेप त्या जागी नीट बसत नाही. पुसल्यावरही गिटार तत्काळ पेटीत बंद करू नये. थोडा वेळ वाऱ्यावर ठेवावी, पण उन्हात नव्हे.

इतके करूनही वर्षांमागून वर्षे वाजत असलेल्या गिटारीचा लेप कोठे ना कोठे विरळ होणारच. येथे लाखेचा दुबळेपणाच तिच्या उपयोगी पडतो. जो पदार्थ सहज विरघळतो, तो सहज जोडताही येतो. कारागीर झिजलेली जागा प्रथम स्वच्छ करतो, त्यातील तेल व मीठ काढून टाकतो, आणि मग स्पिरिटात विरघळवलेला चपडा बोळ्यावर घेऊन तेवढ्याच जागेवर लहान वर्तुळे काढू लागतो. नव्या लाखेतील स्पिरिट जुन्या लाखेची कड मऊ करते, दोन्ही एकमेकांत मिसळतात, आणि कोठे जुने संपले व कोठे नवे सुरू झाले, हे डोळ्यांना कळेनासे होते. जोवर लाकूड उघडे पडलेले नाही तोवर हे काम लवकर आटोपते. उघड्या लाकडात डाग उतरलेला असेल, तर मात्र कारागिराला आधी फळी अगदी हलकेच घासावी लागते. अडीच मिलिमीटरांच्या फळीत घासून कमी करायला लाकूड ते किती! म्हणून चांगला कारागीर असा डाग पूर्ण काढण्याच्या भरीस पडत नाही. थोडा फिकट करून त्यावर लेप देतो. नंतर काही आठवडे, नवी लाख पुरती घट्ट होईपर्यंत, तो ती गिटार टांगून ठेवतो आणि मालकालाही हात लावू देत नाही.